आजीचं केडगावचं बायबल आणि म्हापशाचे बाइंडर

आधी कामाचं सांगते. जुनं, हातशिलाईचं पुस्तक पुन्हा बांधून घ्यायचं असेल आणि तुम्ही गोव्यात राहत असाल, तर म्हापशाला जा. मार्केटच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली एक बाइंडर बसतात. वय सत्तरीच्या पुढे. दुकानाला पाटी नाही, आणि आपलं नाव कुठे छापून यावं हे त्यांना नको आहे, म्हणून इथे लिहीत नाही. मार्केटात 'वह्या शिवणारे' म्हणून विचारलंत की कुणीही दाखवेल. माझ्या पुस्तकाला त्यांनी तीन आठवडे सांगून सात घेतले. तरीही मी दुसरं पुस्तक त्यांच्याकडेच नेणार आहे.

माझं पुस्तक म्हणजे आजीचं बायबल. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं मराठी भाषांतर, त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलेलं, १९२४ सालचं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही. आजी तेव्हा सतराएक वर्षांची होती आणि त्याच छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायची. पाच-सहा वर्षांची असताना तिला कुणीतरी मुक्तीत आणून सोडलं होतं. कुणी, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. लग्न होऊन ती तिथून निघाली तेव्हा बरोबर एक पातळ, एक पितळी तांब्या आणि हे पुस्तक होतं. तांब्या अजून आमच्या देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात आहे, पातळ विरून गेलं.

गोवा मुक्त झाल्यावर इथे मराठी प्राथमिक शाळा भराभर उघडल्या आणि शिक्षक कमी पडू लागले. तेव्हा महाराष्ट्रातून जे आले त्यांत माझे वडील होते. १९६४ साली ते डिचोलीला आले, मागोमाग आजी आली, आणि पत्र्याच्या ट्रंकेतून हे बायबल आलं. गोव्याचा पाऊस पुस्तकाला काय करतो, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपाटाला बुरशी, चपलांवर हिरवी लव. त्यात ट्रंकेतलं पुस्तक. आजी १९८९ साली गेली, तोवर ती दर उन्हाळ्यात ते अंगणात चटईवर उघडून ठेवायची, पानं बोटाने सुटी करायची, कडुनिंबाचा पाला घालून परत आत ठेवायची. ती गेल्यावर ते कुणी केलं नाही. मीही केलं नाही. शाळा, मुलं, बदल्या यांत वर्षं गेली. उघडून पाहिलं तेव्हा मागचा पुठ्ठा गळून पडला होता, पाठीचं कापड कसर लागून जाळीसारखं झालं होतं, आणि उत्पत्तीची पहिली पानं सुटी होती.

मग मी चूक केली, ती सांगितलीच पाहिजे, कारण ती अनेकांच्या हातून होते. घाईघाईत एका शहरातल्या झेरॉक्सच्या दुकानात पुस्तक दिलं. त्या माणसाने सुट्या पानांच्या कडांना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारली, पाठीवर रबरी गोंद ओतला आणि वर लाल रेक्झिन डकवलं. दोन तासांत काम झालं म्हणून मी खूश होऊन घरी आले. तीन पावसाळ्यांनी चिकटपट्टी पिवळी पडली, मग तपकिरी झाली, आणि जिथे जिथे ती होती तिथे तिथे अक्षर तेलकट डागाखाली गेलं. गोंद कडक होऊन तडकला. पुस्तक उघडताना कडकड वाजायचं. आजीने ज्या पानांवर एकेक खिळा ठेवला असेल त्या पानांवर मी स्वतः पैसे देऊन ते डाग पाडून घेतले होते. ते पुस्तक पुन्हा हातात घ्यायला माझी वर्षभर छाती झाली नाही.

म्हापशाच्या बाइंडरांचं नाव मला एका भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांनी सांगितलं. त्यांच्या देवळातली हरिविजयाची पोथी तिथे बांधून घेतली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, पुस्तक टॉवेलात गुंडाळून मी शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी गेले. पुस्तक घेऊन शुक्रवारी जाऊ नका. मिरच्या, चणे-गूळ, मातीची भांडी आणि माणसं यांतून वाट काढताना जीव पुस्तकात अडकलेला असतो.

जिन्याखालची जागा जेमतेम खाटेएवढी. एक लाकडी शिकंजा, त्याच्या चाकाची मूठ हाताने घासून काळी झालेली. भिंतीला खिळ्यांवर मेणदोऱ्याच्या लडी. एका डब्यात खळ, तिच्यात मोरचुदाची निळसर झाक. सहकारी संस्थांच्या खातेवह्या, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध, कुणाच्या तरी घरची पोर्तुगीज काळातली दस्तांची चळत. त्यांनी टॉवेल सोडला, लाल रेक्झिनकडे नुसतं पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मग पुस्तक मधोमध उघडलं, दोन पानांच्या खोबणीत बोट घातलं आणि जुना दोरा शोधला. एक जुज (एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांचा गठ्ठा), दुसरं जुज, तिसरं. टाके मोजत गेले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "टीचर, हें कोणें शिंवलां?"

मी म्हटलं, बायकांनी. घडी घातली बायकांनी, शिवलं बायकांनी, आणि त्याआधी खिळे जुळवले तेही बायकांनीच.

त्यांनी मान वर केली. "बायलांनी?" आणि परत टाक्यांकडे पाहू लागले. मग म्हणाले, "हें मशिनार घालचें न्हय."

तिथे मला भरवसा वाटला.

काम कसं केलं ते जरा तपशिलात लिहिते, कारण दुसऱ्या कुणाकडे गेलात तरी काय विचारायचं ते कळेल. आधी रेक्झिन आणि पाठीवरचा गोंद काढला. तो ओला करून नाही, कोरडाच, बोथट सुरीने खरवडून. त्यालाच नऊ दिवस गेले. चिकटपट्टीवर केस वाळवायच्या यंत्राची मंद गरम हवा मारून, पातळ पात्याने ती केसाएवढी केसाएवढी उचलली. डाग गेले नाहीत. ते जाणार नाहीत हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, खोटी आशा दाखवली नाही. मग सगळी जुजं सुटी करून, मऊ कुंच्याने प्रत्येक पान झाडलं. फाटलेल्या घड्यांना पातळ टिश्यू कागद खळीने लावला, इतका पातळ की खालचं अक्षर वाचता येतं. मग दाभणाने जुन्याच भोकांतून, एकही नवं भोक न पाडता, शिलाई. पाठीला मांजरपाट. पुठ्ठा, वर गडद निळं सुती कापड, आणि पाठीला व कोपऱ्यांना कातडं. शिकंज्यात चार दिवस.

कडा कापल्या नाहीत, हे महत्त्वाचं. कडा सारख्या दिसाव्यात म्हणून बहुतेक बाइंडर पुस्तक कटिंग मशीनखाली घालतात, आणि समासात कुणी काही लिहिलेलं असेल तर ते जातं. त्यांनी आपणहून विचारलं. मी नको म्हटलं. कडा वेड्यावाकड्या आहेत, तशाच राहू द्या.

आणि शेवटचं कोरं पान. पुठ्ठ्याला चिकटलेलं जुनं कोरं पान बांधणीत बहुधा टाकून देतात, नवं लावतात. आमच्या त्या पानावर आजीच्या हातचं लिखाण आहे. पेन्सिलीने, वाटाण्याएवढ्या अक्षरात, गावांची नावं. वर एक ओळ: 'मिस अब्रॅम्स बाईंच्या टोळीतल्या बाया ज्या गावांना गेल्या ती.' त्यांनी ते पान वाफेवर सोडवून घेतलं आणि नव्या कोऱ्या पानाच्या आधी वेगळं शिवलं. मला हे सांगावंही लागलं नव्हतं. कोण या अब्रॅम्स बाई, असं त्यांनी विचारलं, आणि त्यानंतर दर शुक्रवारी मी डिचोलीहून बस पकडून जायचे, ते शिवायचे आणि मी सांगायचे. आता तुम्हालाही सांगते, कारण त्या पानामुळेच हे पुस्तक माझ्यासाठी नुसतं जुनं पुस्तक नाही.

मिनी अब्रॅम्स अमेरिकेतली. जन्म १८५९, विस्कॉन्सिनचा. वाढली मिनेसोटात, शेतकऱ्याच्या घरात. शिकागोला मिशनरी स्त्रियांना तयार करणाऱ्या शाळेत शिकली आणि १८८७ साली मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनतर्फे मुंबईला आली. मराठी शिकली. तिला शाळेच्या चार भिंतींत राहायचं नव्हतं, सुवार्ता सांगत फिरायचं होतं. एकट्या बाईने गावोगाव फिरून उपदेश करायचा, हे त्या काळी तिच्याही मंडळीत सहज पचणारं नव्हतं. १८९८ मध्ये ती केडगावला रमाबाईंकडे आली. रमाबाईंनी तोवर मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो मुली आणल्या होत्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत दोन हजारांच्या आसपास बायका-मुली झाल्या. विणकाम, सुतारकाम, तेलाचा घाणा, दुभती जनावरं, छापखाना. सगळं त्यांच्याच हातात. रमाबाईंच्या आईवडिलांना दुष्काळाने नेलं होतं, त्यामुळे भुकेने मरणारी मुलगी म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९०३ मध्ये रमाबाईंनी आपली मुलगी मनोरमा आणि अब्रॅम्स यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. तिथे मोठ्या जागृतीच्या, म्हणजे मंडळीत भक्तीची नवी लाट उसळण्याच्या, सभा झाल्या होत्या, त्यामागे प्रार्थना कशी चालते ते पाहून या म्हणून. पुढच्या वर्षी वेल्समध्ये जागृती झाली, तिच्या बातम्या केडगावला येऊ लागल्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज जमून प्रार्थना करायला कोण येईल? सत्तरेक जणी उभ्या राहिल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा बसू लागल्या.

आजी हे सगळं झालं तेव्हा जन्मलीही नव्हती. तिला सांगितलं ते तिच्याबरोबर छापखान्यात उभ्या राहणाऱ्या वडीलधाऱ्या बायांनी. जूनच्या शेवटी, पहाटेच्या अंधारात, एका मोठ्या मुलीला अंगावर आग उतरल्यासारखं झालं. शेजारी निजलेलीने तिला ज्वाळांत वेढलेली पाहिली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. पाणी ओतणार तोच कळलं की ही जळत नाही, ही प्रार्थना करते आहे. आजी हे सांगताना दरवेळी त्या बादलीवाल्या मुलीपाशी थांबायची. म्हणायची, "तिने बादली आणली, बघ. बाकीच्या नुसत्या ओरडल्या." दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत आवाजात योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावत होत्या, आणि सगळ्या मुली मोठमोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढे कितीतरी दिवस शाळेचे वर्ग बाजूला राहिले.

हे केडगावला झालं १९०५ मध्ये. ज्याला जगभर पेंटेकॉस्टल चळवळीचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती चळवळीचा, मोठा उगम मानतात ती लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटची सभा सुरू झाली एप्रिल १९०६ मध्ये, विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या हाताखाली. म्हणजे दौंड तालुक्यातल्या एका गावात, दुष्काळातून वाचलेल्या मराठी, गुजराती, हिंदी मुलींनी ती वाट त्याआधीच धरली होती. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, आणि चौथीच्या पुस्तकात रमाबाईंवर धडा आला की बायकांच्या शिक्षणापाशी तो संपायचा. वर्गात मीही तिथेच संपवायचे. त्याचं मला वाईट वाटतं.

अब्रॅम्स बाईंनी त्या भरात एक काम केलं जे मला सगळ्यांत मोठं वाटतं. त्यांनी मुलींच्या टोळ्या केल्या. प्रार्थनेला आणि सुवार्तेला वाहून घेतलेल्या शेकडो मुली, त्यांतल्या रोज साठेक आळीपाळीने आसपासच्या गावांत जायच्या. ज्या मुलीला पाच वर्षांपूर्वी कुणी मूठभर धान्यावर विकली असती, ती आता पाराशी उभी राहून बोलायची. आजीच्या पानावरची गावं ती हीच. बाइंडरांनी टाका ओढता ओढता विचारलं, लोक ऐकायचे? मी म्हटलं, काही ऐकायचे, काही दगड मारायचे, असं आजी सांगायची. तेव्हा त्यांनी मान हलवली आणि दोरा दातांनी तोडला.

१९०६ मध्येच अब्रॅम्स बाईंनी पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती काढताना त्यांनी अन्य भाषांत बोलण्याच्या, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेली भाषा तोंडून येण्याच्या, अनुभवाची भर घातली. पुस्तकाची एक प्रत त्यांनी आपल्या शिकागोच्या वर्गमैत्रिणीला पाठवली. ती मेथडिस्ट मिशनरी विलिस हूवर यांची बायको, दक्षिण अमेरिकेत चिलीत वालपराईसोला राहायची. ती प्रत वाचून तिथल्या मंडळीत जे सुरू झालं त्यातून १९०९ ची चिलीची पेंटेकॉस्टल जागृती झाली, आणि तिथल्या मंडळ्या आज लाखोंच्या आहेत. केडगावच्या पोस्टातून गेलेलं एक पाकीट. मला नकाशावर केडगाव आणि वालपराईसो यांवर दोन बोटं ठेवून बघायला आवडतं.

एक गोष्ट मात्र आमच्याकडच्या सभांत सांगितली जात नाही, आणि ती सांगायला हवी. अन्य भाषांत बोललं तरच आत्मा मिळाला, असं अब्रॅम्स बाई म्हणत नव्हत्या. रमाबाईही नाही. अनुभवाचं स्वागत त्यांनी केलं, पण त्याची परीक्षा घेऊन कुणाला खालच्या बाकावर बसवलं नाही. भारतातल्या बाया मोठ्याने रडून, डोलून प्रार्थना करतात याला परदेशी मिशनऱ्यांनी नाकं मुरडली, तेव्हा आमच्या लोकांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे प्रार्थना करू द्या, ही रमाबाईंची भूमिका होती. मी लहान असताना एका घरगुती सभेत एका बाहेरच्या उपदेशकाने आजीला सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुम्हाला अन्य भाषा आली का? आजी म्हणाली, "मला मराठी उलटी वाचता येते." लोकांना वाटलं म्हातारी चेष्टा करते. ती खरंच सांगत होती. खिळे साच्यात उलटे बसतात. चौदाव्या वर्षापासून ती उलटी अक्षरं सुलटी वाचायला शिकली होती, आणि म्हातारपणीही समोर बसलेल्याच्या हातातलं वर्तमानपत्र आपल्या बाजूने घडाघडा वाचायची. तिच्या लेखी तेच तिला मिळालेलं दान होतं.

अब्रॅम्स बाई पुढे अमेरिकेला गेल्या आणि १९१० मध्ये स्त्री मिशनऱ्यांचीच एक संस्था उभी करून, काही बायकांना घेऊन भारतात परतल्या. जिथे सुवार्ता पोचली नाही तिथे जायचं, म्हणून उत्तरेला, आजच्या उत्तर प्रदेशातल्या बस्ती भागात गेल्या. तिथेच तापाने २ डिसेंबर १९१२ ला वारल्या. त्रेपन्न वर्षं. त्या संस्थेला त्यांनी नाव दिलं होतं बसालेलचं.

इथे मला बाइंडरांना पुस्तकातूनच वाचून दाखवावं लागलं. निर्गमाचं, म्हणजे बायबलातल्या दुसऱ्या पुस्तकाचं, जुज तेव्हा नुकतंच शिवून झालं होतं, पाठ मोकळी, पुठ्ठा नाही. त्यांनी हात पुसले आणि पुस्तक दोन्ही तळव्यांवर धरून माझ्यापुढे केलं, कारण मी उघडलं तर शिलाई ताणली जाईल ही त्यांना भीती. एकतिसावा अध्याय. बसालेल हा कारागीर. सोनं, रुपं, पितळ, दगड, लाकूड यांवर काम करणारा. देव मोशेला सांगतो की मी याला आत्म्याने भरलं आहे, आणि कशासाठी भरलं आहे तर हातांच्या कामासाठी. अब्रॅम्स बाईंनी हेच नाव का निवडलं असेल, याचा मी खूप विचार केला आहे. त्या मुक्तीत दहाएक वर्षं राहिल्या होत्या. माग, घाणा, छापखाना त्यांनी रोज पाहिला होता. मला वाटतं, अग्नी उतरला त्याच अंगणात खिळे जुळवणारे हात त्यांना दिसत होते. हे माझं मानणं आहे.

बाइंडरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे आमचो विश्वकर्मा." आणि पुस्तक परत मांडीवर घेतलं. मी वाद घातला नाही. इथल्याच राशोलला १६१६ साली येशूचं चरित्र मराठी ओव्यांत रोमन लिपीतून छापलं गेलं, त्या मातीत राहणाऱ्या माणसाने असं म्हटलं तर मला ते परकं वाटत नाही.

आता तक्रारी. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे नव्हेत. मध्ये पावसात वीज गेली, खळ वाळेना, मग काही दिवस ते गावी गेले. दर शुक्रवारी "फुडल्या शुक्रारा येयात" हे ऐकायची तयारी ठेवा. फोन उचलत नाहीत, कारण हाताला खळ असते. पावसाळ्यात काम देऊच नका, डिसेंबर ते मार्च द्या. ते स्वतः हेच सांगतात, माझ्या पुस्तकाची अवस्था बघून त्यांनी घेतलं.

दुसरी, पाठीवरची सोनेरी अक्षरं ते बाहेरून करून आणतात. 'पवित्र शास्त्र' यातल्या 'पवित्र'ला ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ वेलांटी पडून आली. मराठीच्या बाईला ते डोळ्यांत खुपलं. त्यांनी एक शब्दही न बोलता कातड्याची ती पट्टी काढून नवी लावली, जादा पैसे घेतले नाहीत. पण शुद्धलेखन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, तोंडी सांगू नका.

तिसरी, कापडाचे रंग दोनच, निळा आणि विटकरी.

पैसे झाले २,४००. आगाऊ ५०० घेतात, पावती देत नाहीत, वहीत लिहून घेतात. चिकटपट्टी काढायच्या कामाचे वेगळे लावले नाहीत. ते त्यांनी लावायला हवे होते, आणि मी ते दिले. ज्या दुकानाने ते डाग पाडले होते त्याने दोन तासांचे तीनशे घेतले होते.

पुस्तक परत आणलं त्या रात्री मी दिवा लावून बसले. उघडताना आता आवाज होत नाही. पान सपाट पडतं. मागच्या बाजूने बोट फिरवलं की अक्षरांचे उठाव लागतात, शंभर वर्षांपूर्वी खिळ्यांनी कागद दाबला तो दाब अजून आहे. स्तोत्रसंहितेत एका ठिकाणी एक मात्रा किंचित तिरकी बसली आहे. लहानपणी आजीने ती मला दाखवली होती. ही माझी, म्हणायची. दुरुस्त करायला हवी होती पण त्या दिवशी ताप होता. मी घाबरत घाबरत ते पान शोधलं. मात्रा आहे, चिकटपट्टीच्या डागापासून दोन बोटं लांब.

सांभाळायचं कसं, ते त्यांनी सांगितलं ते असं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम सुटतो. डांबराच्या गोळ्या पुस्तकाला चिकटून ठेवू नका. पावसाळ्यात कपाटात बारीक पिवळा बल्ब चालू ठेवा, आपल्याकडे कपड्यांसाठी ठेवतात तसा, पण पुस्तकापासून हातभर लांब. महिन्यातून एकदा काढा, वाचा, वारा लागू द्या. सहा महिन्यांनी शिलाई बघायला परत न्यायचं आहे, त्याचे पैसे नाहीत.

आणि जाताना पुस्तकाबरोबर गळालेलं सगळं न्या. दोऱ्याचे तुकडे, कापडाची चिंधी, पानांच्या कोपऱ्यांचा चुरा, सगळं एका पाकिटात घालून. माझ्या पाकिटातल्या एका नखाएवढ्या तुकड्यावर आजीच्या यादीतल्या एका गावाचं शेवटचं अक्षर होतं, ते त्यांनी जागेवर बसवून दिलं आहे.